राहीची अडीच कोसांची वाट

अक्षय्य तृतीयेच्या, आखितीच्या जेवणात राहीच्या शाळेचा विषय निघाला आणि ताटातला आमरस संपायच्या आत घरात दोन बाजू पडल्या.

विषय काढला राहीच्या आईनं, लंकाबाईनं. सासऱ्यांशी ती थेट बोलत नसे. रस वाढता वाढता तिनं नवऱ्याला विचारलं, पण सासऱ्यांच्या कानावर जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, की दिपोटीसाहेब सांगून गेल्याला आज वीस दिवस झाले, पोरीचं काय करायचं ठरलं?

वाडीची शाळा दुसरीपर्यंतच होती. गोठ्याच्या पडवीत ती भरे, आणि तिथं शिकण्यासारखं जे काही होतं ते साडेसात वर्षांच्या राहीनं शिकून संपवलं होतं. शाळा तपासायला आलेल्या दिपोटीसाहेबांनी तिला तीसपर्यंतचे पाढे विचारले, मग पावकी, मग निमकी. ती कुठंच अडेना तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तिच्या आज्याला, ती ज्यांना आबा म्हणे त्या कारभारींना बोलावून सांगितलं, की जूनमध्ये या मुलीला सोनईला तिसरीत घाला. सोनई त्यांच्या वस्तीपासून अडीच कोसांवर. जायचे अडीच आणि यायचे अडीच.

राहीच्या बापानं, सूर्यभाननं मान खाली घालून रस भुरकला. त्याला पोरगी शिकावी असं वाटत होतं आणि ती एवढ्या लांब जाऊ नये असंही वाटत होतं. गाडी जुंपून सोडायला जावं, तर पेरणीच्या दिवसांत बैल कुठून आणायचे, असं काहीतरी तो पुटपुटला.

बोलली ती लंकाबाईची थोरली जाऊ, गोजरबाई. वाटेत ओढा आहे, पावसाळ्यात तो घोड्यालाही ऐकत नाही. गवताच्या दिवसांत माळावर लांडगे दिसतात. साडेसात वर्षांचं लेकरू पहाटे उठून उपाशीपोटी चालणार, दिवस मावळता परत येणार, आणि आल्यावर ताटावरच झोपणार. असली शाळा काय कामाची, असं तिचं म्हणणं. तिनं ते इतकं मुद्देसूद मांडलं की सूर्यभान हळूहळू तिच्या बाजूला कलला.

गोजरबाईनं सांगितलेलं सगळं खरं होतं. एक गोष्ट मात्र तिनं सांगितली नाही. तिचा नवरा कानिफनाथ चार वर्षांपासून पलटणीत होता. इटलीतली लढाई थांबली अशी बातमी गेल्याच आठवड्यात बाजारातून आली होती आणि तेव्हापासून घरात सगळ्यांचाच पाय जमिनीवर ठरत नव्हता, पण तो कधी परतणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला मूलबाळ नव्हतं. लंकाबाई शेतात जाई तेव्हा राही गोजरबाईजवळ असे, तिच्याच अंथरुणात झोपे, चुलीपुढं बसून तिला कहाण्या वाचून दाखवी. राही सकाळी गेली की दिवसभर त्या घरात आपण आणि मांजर, एवढंच उरणार, हे तिनं केव्हाच ओळखलं होतं. पण हे बोलायचं कसं? पोटची पोर असती तर हक्कानं बोलली असती.

कारभारींनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि पडवीत सगळ्यांना बोलावलं. वयाची पासष्ट वर्षं उलटली तरी माणूस ताठ होता, आणि त्यांचा शब्द घरात शेवटचा असे. पण त्या दिवशी त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

"तोंडानं वाट मोजता येत न्हाई," ते म्हणाले. "उद्या उजाडायच्या आत सगळी निघू. पोरीनं आपल्या पायानं जायचं आन् आपल्या पायानं यायचं. कुनी तिला कडंवर घेतली, खांद्यावर घेतली, की शाळेचा विषय मिटला. पुन्हा काढायचा न्हाई."

राही दाराआड उभी होती. ती तिथूनच पळत सुटली आणि विहिरीला, खळ्याला, गोठ्याला वळसे घालत संध्याकाळपर्यंत चालतच राहिली. सूर्यभाननं विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, पाय तयार करतेय.

*

शुक्राची चांदणी वर असतानाच ते निघाले. गुरांकडं शेजारच्या वस्तीवरची म्हातारी थांबली होती. गोजरबाईच्या डोक्यावरच्या टोपलीत धपाटे, लसणाची चटणी आणि कांदे होते, सूर्यभानच्या खांद्याला पाण्याची चरवी. राहीनं लग्नाकार्याला घालायचा जांभळा परकर घातला होता आणि तो काही केल्या बदलायला ती तयार नव्हती. ती सगळ्यांच्या पुढं, काठी टेकत कारभारी तिच्या मागं, आणि त्यांच्या मागं घर.

पहिला अर्धा कोस आपल्याच शिवारातून होता. पुढं पाणंद लागली. पाणंदीच्या दोन्ही अंगांना वस्त्या होत्या, आणि प्रत्येक वस्तीवर कुणीतरी दात घासत उभं असे आणि विचारत असे. पहिल्या वस्तीवाल्याला वाटलं, सोयरीक जमवायला निघालेत. दुसऱ्याला वाटलं, कुणी आजारी आहे.

"नातीच्या शाळंची वाट बगायला निघालोय," कारभारी सांगत, आणि थांबत नसत.

लोक आधी हसले. मग दुसऱ्या वस्तीवरच्या माणसानं आपल्या दोन पोरांना हाक मारली आणि म्हणाला, जा रे, तुम्हीही बघून या. पुढच्या वस्तीवरून आणखी दोघी आल्या, एक आठ वर्षांची आणि एक नऊ. त्यांच्या आयांनी त्यांचे केस वाटेतच विंचरले. दिवस उगवला तेव्हा कारभारींच्या मागं चांगली वरात झाली होती. म्हाताऱ्याच्या चालण्यात एकाएकी ऐट आली. इतक्या वर्षांत बाजारला जाता-येता त्यांना या वाटेवर एवढी पोरं आहेत हे कधी दिसलंच नव्हतं.

गोजरबाईची नजर मात्र पोरांवर नव्हती, राहीच्या पायांवर होती. दीड कोस झाल्यावर राहीचा डावा पाय किंचित उचलल्यासारखा पडायला लागला. लंकाबाई पुढं त्या दोन मुलींच्या आयांशी बोलत होती, तिच्या ते ध्यानात आलं नाही. गोजरबाईनं क्षणभर विचार केला. आत्ता हाक मारून सगळ्यांना दाखवलं असतं, तर तिथंच निकाल लागला असता. तिनं टोपली सावरायचं निमित्त केलं, राहीला बाभळीच्या आडोशाला नेलं आणि पाय मांडीवर घेतला. टाचेत काटा होता, चांगला करंगळीच्या पेराएवढा.

"कवा लागला?"

"मगाशीच. आबांना सांगू नको ना, मोठी आई."

"दुखत न्हाई व्हय?"

राहीनं ओठ मिटून मान हलवली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिनं परकरानं पुसलं. गोजरबाईनं मंगळसूत्राला अडकवलेल्या चिमट्यानं काटा काढला, टाचेला थुंकी लावली आणि म्हणाली, एवढं कशाला गं चालायचं? घरात बसून वाचतेसच की.

मग राहीनं तिला सांगितलं. तिसरीत मोडी शिकवतात. दिपोटीसाहेब म्हणाले होते. मोडी आलं की काकांची पत्रं तीच वाचणार.

गोजरबाईचा हात तसाच राहिला. कानिफनाथची आधीची पत्रं बाळबोधीत येत, ती राही वाचून दाखवी. पण पलटणीतला पत्रं लिहून देणारा सोबती बदलला आणि शेवटचं पत्र मोडीत आलं. महिनाभर ते तिनं उशाशी ठेवलं. शेवटी तलाठ्यानं चावडीवर दहा माणसांत ते मोठ्यानं वाचलं. शेवटच्या दोन ओळी फक्त तिच्यासाठी होत्या. त्या वाचल्यावर माणसं हसली होती, वाईट मनानं नाही, पण हसली होती. ती पदर ओढून घरी आली आणि त्या ओळींविषयी कुणाशीही बोलली नाही.

तिनं राहीची टाच दोन्ही हातांनी चोळली, तिला उभं केलं आणि चालायला लावलं. काट्याचं दोघींच्यातच राहिलं.

*

ओढा कोरडा होता. वैशाखात त्यात वाळू आणि दगडांखेरीज काही नव्हतं, पोरं ओरडतच खाली उतरली. लंकाबाई काठावरच थांबली.

तिची नजर वर होती. बाभळीच्या फांद्यांत वाळलेलं गवत, काटक्या, एक फाटकं पोतं अडकलं होतं, तिच्या डोक्याच्याही हातभर वर. गेल्या पावसाळ्यात पाणी तिथवर आलं होतं. तिनं ते पाहिलं, मग खाली वाळूतून चाललेला जांभळा परकर पाहिला. तिचं पहिलं मूल तीन वर्षांचं असताना देवीच्या साथीत गेलं होतं. राही त्यानंतरची. ती तिथंच खाली बसली.

सूर्यभान मागं आला. तिनं त्याला सांगितलं, की न्यायची नाही, परत फिरायचं. तो चक्रावला. वीस दिवस हिनंच त्याच्या कानाशी शाळा शाळा केलं होतं.

"शाळा मला पायजे," ती म्हणाली, "पन पोरबी पायजे."

तेव्हा गोजरबाईनं टोपली खाली ठेवली आणि जावेशेजारी बसली. आता ती उलट बोलायला लागली. पूर काय रोज येतो? वर्षातले आठ-पंधरा दिवस. तेवढे दिवस पोर घरी बसेल. त्यासाठी बाकीचं वर्ष का घालवायचं? लंकाबाई तिच्याकडं बघतच राहिली. काल जेवताना हीच बाई ओढ्याचं नाव घेत होती.

पोरांची आरडाओरड ऐकून ओढ्याकाठच्या वस्तीवरचा भीमा पाणी घेऊन आला. पन्नाशीचा, उघडा, डोक्याला मुंडासं. काय झालं ते त्यानं ऐकून घेतलं, सल्ला काही दिला नाही. आपल्या तीन पोरांकडं पाहिलं, ती राहीच्या घोळक्यात केव्हाच मिसळली होती. मग तोही काठी घेऊन निघाला. मीही बघतो म्हणाला, मास्तर काय म्हणतायत.

लंकाबाई उठली, पण तिनं सासऱ्यांपर्यंत निरोप पोचवला, की माझा जीव होत नाही. कारभारींनी एवढंच म्हटलं, की आधी वाट संपू दे.

*

सोनईत यज्ञेश्वर गुरुजी सुट्टीत एकटेच शाळेच्या भिंतीला चुना देत होते. धोतर वर खोचलेलं, हाताला चुना, कपाळालाही. दारात एवढी माणसं बघून त्यांना आधी वाटलं तक्रार आहे. कारभारींनी नातीला पुढं केलं. गुरुजींनी हात धुतले आणि ओट्यावर बसून राहीची परीक्षा घेतली. तिनं वाचलं, गणितं केली. नगरहून आलेला चार दिवसांचा जुना वर्तमानपत्राचा कागद तिनं वाचून दाखवला आणि एका शब्दाचा अर्थ त्यांनाच विचारला. गुरुजींच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटत गेलं ते बघून सूर्यभानचा ऊर भरून आला. आपली पोर एवढी हुशार आहे हे त्याला माहीत होतं, पण ते परक्याच्या तोंडावर तो पहिल्यांदाच बघत होता.

मोडी ओळखता येतं का, असं गुरुजींनी विचारलं. राहीनं मान खाली घातली. गोजरबाईनं कमरेच्या पिशवीतून घडी केलेलं पत्र काढलं आणि पुढं ठेवलं. गुरुजींनी त्यावर एक नजर टाकली. मग त्यांनी तळहातानं सगळं पत्र झाकलं, फक्त वरची एक ओळ उघडी ठेवली आणि तेवढीच राहीला अक्षर अक्षर लावून दाखवली. झाल्यावर घडी घालून परत दिलं. बाकीचं वाचलं नाही. गोजरबाईनं ते पत्र घेताना पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं.

आणि मग गुरुजी म्हणाले, की मुलगी तिसरीच काय, वर्षभरात चौथीच्याही पलीकडं जाईल. पण तिला एवढ्यात आणू नका.

"लहान मुलं एवढ्या लांबून येतात ती महिनाभर येतात," ते म्हणाले. "मग पाय दुखतात, पाऊस लागतो, एक दिवस चुकतो, दोन चुकतात. नाव पटावर राहतं, मूल घरी. खोटं सांगून तुमचा उत्साह मी वाढवणार नाही. दोन वर्षं थांबा. दहाव्या वर्षी आणा, मी स्वतः वेशीपर्यंत घ्यायला येईन."

राहीनं पाटीवरचा हात काढून घेतला. कारभारींनी गुरुजींच्या खरेपणाला मनातल्या मनात दाद दिली आणि त्याच वेळी त्यांना आतून काहीतरी खचल्यासारखं वाटलं.

बोलली लंकाबाई. सासऱ्यांपुढं, परक्या पुरुषापुढं, डोक्यावरचा पदर सावरून तिनं सरळ गुरुजींना सांगितलं.

"दोन वर्सांनी कुनी आननार न्हाई, गुरुजी. दोन वर्सांनी ही खुरपं धरील. तिसऱ्या वर्सी सोयरं इचारायला येत्याल. मी तिची आय हाय, मला ठावं हाय. ओढ्यावर मीच न्हाई म्हनले हुते. आता म्हनते, आत्ताच घ्या."

सूर्यभाननं बायकोकडं असं पाहिलं जणू ती त्याला नव्यानं भेटली होती. गुरुजी उठले. अंगणात जाऊन त्यांनी लिंबाखालच्या पोरांकडं बोट दाखवलं आणि विचारलं, ही कुणाची? कारभारींनी सांगितलं, वाटेवरच्या वस्त्यांची. गुरुजींनी मोजली. राही धरून आठ. त्यांनी पुन्हा मोजली.

मग त्यांचा आवाजच बदलला. एकटी मुलगी आली तर ती गळणार, हे त्यांनी अनेकदा पाहिलं होतं. आठ आली तर एक दुसऱ्याला ओढत आणणार. ते भीमाला विचारू लागले, त्याच्या पोरांची वयं किती, त्या दोघी मुली दुसरी पास आहेत का, कुणाची वस्ती कुठं. चुन्यात बोट बुडवून त्यांनी ओट्याच्या कडेवर वाट काढली, तिच्यावर वस्त्यांचे ठिपके दिले. भीमा त्या ठिपक्यांवर उकिडवा बसला आणि त्याला सुचलं. ओढ्याचं पाणी आपल्याला कळतं, तो म्हणाला. वर पाऊस झाला की पाणी यायच्या आधी वास येतो. पाणी असलं तर आपण उंच बाभळीवर पांढरं धोतर बांधू. ते पाणंदीच्या तोंडावरून दिसतं. दिसलं की पोरांनी तिथूनच माघारी जायचं. आणि पोरं इकडं असताना पाणी आलं, तर त्याची बहीण सोनईतच दिली होती, आठ पोरांना भाकरी घालण्याइतकं तिचं घर मोठं होतं.

"आन् पानंदीपासून ओढ्यापतूर?" कारभारींनी विचारलं.

"तितवर मी जाईन," गोजरबाई म्हणाली. "सकाळी सोडीन, सांजच्याला घ्यायला येईन."

घरात आपण आणि मांजर, हे तिला आता आठवलंही नसावं. लंकाबाईनं जावेचा हात धरला आणि सोडला नाही.

कारभारी मात्र हो म्हणाले नाहीत. परतीची वाट बाकी आहे, म्हणाले.

*

ऊन उतरल्यावर ते निघाले. पोरं एकेका वस्तीवर गळत गेली, जाताना ओरडून निरोप घेत. भीमानं ओढ्याकाठची सगळ्यात उंच बाभूळ दाखवली. राही एकेका झाडाला, बांधाला नाव देत चालली होती. मग नावं देणं थांबलं. मग बोलणंही थांबलं. पाणंद संपून आपलं शिवार लागलं तेव्हा ती वाटेकडेच्या दगडावर जरा टेकते म्हणाली, आणि बसल्या जागी कलंडून झोपली.

सूर्यभान पुढं झाला. त्याचे दोन्ही हात तिच्याखाली जाणार तोच लंकाबाईनं त्याचं मनगट धरलं. तिघंही कारभारींकडं पाहू लागली. समोर अर्ध्या कोसावर आपल्या गोठ्याचं छप्पर दिसत होतं. दिवस मावळतीला टेकला होता.

कारभारींनी झोपलेल्या पोरीकडं पाहिलं. काटा लागलेली टाच सुजली होती, ती त्यांना सकाळपासून दिसत होती. ते काहीच बोलले नव्हते. त्यांनी काठी बांधाला टेकवली, उपरणं काढून राहीच्या डोक्याखाली सारलं आणि तिच्या शेजारी मातीतच मांडी घातली.

"उचलायचं न्हाई म्हनलो हुतो," ते म्हणाले. "थांबायचं न्हाई, असं कुनी म्हनलं हुतं?"

मग सगळीच बसली. गोजरबाईनं उरलेला कांदा फोडून सगळ्यांना दिला. माशा येत होत्या त्या लंकाबाई पदरानं वारत होती. सूर्यभान हळू आवाजात म्हणाला, की पायात वहाणा लागतील, उद्याच चांभाराकडं माप देतो. कारभारी म्हणाले, दोन जोड सांग, पोरीचे पाय वाढतात. त्यावर तिघांनीही एकदम वर पाहिलं. कारभारींनी दिलेला होकार तो एवढाच.

घटकाभरानं राही दचकून उठली. तिनं भोवती पाहिलं, उपरणं पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

"मला कुनी उचललं?"

"कुनी न्हाई," लंकाबाई म्हणाली. "हितंच झोपली हुतीस."

"मग वाट ऱ्हायलीय अजून?"

"ऱ्हायलीय. अर्धा कोस."

राहीनं डोळे चोळले. डावी टाच जमिनीला न लावता ती उठली, परकर झटकला आणि चालायला लागली. ती जरा पुढं जाईपर्यंत थोरली चौघं तशीच बसून होती. मग लंकाबाईनं पुढं केलेला हात धरून कारभारी उठले.